दवाखान्यात भेटलेले देव

रक्त दिल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत माणसाला काही काम नसतं. बाकावर बसायचं, बोटावरचा कापूस दाबून धरायचा आणि समोर जो असेल त्याच्याशी बोलायचं. समोर मी असतो. मी नान्हे, पवनी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. गप्पा धानाच्या पिकापासून सुरू होतात, सोयरिकीवर येतात, आणि रिपोर्ट निघायच्या आत देवापर्यंत पोचलेल्या असतात! त्यामुळे माझ्याकडे स्लाइड कमी आणि देवाचे किस्से जास्त साठलेत. स्लाइड निदान धुऊन टाकता येतात.

आधीच सांगून ठेवतो, मी देव न मानणारा माणूस. नुसता न मानणारा नाही, तर न मानणं दुसऱ्याला ऐकवणारा! ढिवराच्या घरात जन्मलो, बाप वैनगंगेत जाळं टाकायचा, आणि मी सायन्स शिकून मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्याचा माज होता. हे किस्से मी पूर्वी हसत हसत सांगायचो. आता सांगताना मध्येच थांबायला होतं.

*

खंडेनवमीला आमची अटेंडंट कौशल्याबाई दवाखान्यातल्या सगळ्या सामानाची पूजा करते. वजनकाटा, बीपीचं मशीन, ॲम्ब्युलन्सची चाकं, कुणी सुटत नाही. एका वर्षी मी जागेवर नसताना तिनं माझ्या मायक्रोस्कोपलाही हळदीकुंकू लावलं. लावलं ते कुठे, तर डोळा टेकवायच्या नळीलाच!

मला पत्ता नाही. मी सकाळभर स्लाइड तपासल्या. उजव्या डोळ्याभोवती लालभडक गोल उमटला, आणि एकानंही सांगितलं नाही! बाकावरचे लोक त्या दिवशी एकदम गपगार. एक म्हातारे रिपोर्ट घ्यायला आले, माझ्याकडे नीट बघितलं, चपला काढल्या आणि वाकून नमस्कार केला.

"अहो आबाजी, हे काय?"

"राहू द्या जी. लॅबवाल्याच्या बी अंगात येते हे मले मालूम नोतं!"

सगळा दवाखाना हसला. मी मात्र कौशल्याबाईवर ओरडलो. चारचौघांत. "यंत्र आहे ते, देव्हारा नाही!" तिनं पदरानं नळी पुसली आणि एवढंच म्हणाली, "ज्याच्यावर पोट चालते त्याले एक बोट कुंकू लावलं त काय बिघडलं, भाऊ?"

त्यानंतर दर वर्षी ती सगळ्यांची पूजा करते आणि माझं टेबल सोडून पुढे जाते. मागच्या वर्षी मीच हाक मारली, "कौशल्याबाई, इकडचं राहिलं."

"नको भाऊ," ती म्हणाली, "तुमाले चालत नाई."

*

रामटेके सिस्टर नसल्या तर आमचा दवाखाना म्हणजे नुसती इमारत. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जातात, तेवढंच. म्हणून मला वाटायचं, चला, आपल्या पार्टीचं एक माणूस आहे!

एकदा बाळंतपणाची केस आली. पहिलटकरीण. मी रक्ताचा नमुना घ्यायला दाराशी उभा. आत ती पोरगी ओरडतेय, "देवी माय वो, सोडव वो!" आणि सिस्टर तिच्यापेक्षा मोठ्यानं, "हाव, घे, माईचं नाव घे! जोरानं घे! अजून जोरानं!"

पोरगा झाला. सिस्टर बाहेर आल्यावर मी छेडलंच, "काय सिस्टर, तुम्ही तर देवी मानत नाही!"

हातमोजे काढता काढता त्या म्हणाल्या, "मी कोठी मानते? कळा तिले येऊन राहिल्या होत्या, मले नाही!"

*

खुशाल आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याच्या गाडीत समोर इतके देव चिकटवलेले की काचेतून रस्ता कसा दिसतो हा प्रश्न पडावा. मारुती, देवी, बुद्धाची मूर्ती, दर्ग्याचा हिरवा दोरा, छोटासा क्रॉस.

"अरे, तू नेमका कोणाचा?" मी विचारायचो.

"मी मारुतीचा भाऊ. पण पेशंट कोणाचा हाय हे गाडीत टाकल्यावर समजते. कोणाचा बी राहो, त्याचा देव गाडीत हजर पायजे!"

हा किस्सा मी कित्येकांना ऐकवला. सगळे हसायचे.

मग एका उन्हाळ्यात खुशालच्या आईला छातीत दुखायला लागलं. त्यानंच तिला गाडीत घातलं, त्यानंच गाडी भंडाऱ्याकडे पळवली. सिस्टर मागे बसल्या होत्या. अर्ध्या रस्त्यात त्यांनी मधल्या खिडकीवर टकटक केलं आणि म्हणाल्या, "खुशाल, आता हळू चालव."

कामावर परत आला तेव्हा गाडीतला एकही देव जागेवर नव्हता. काचेखाली नुसते गोंदाचे डाग.

आणि मी काय केलं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बरं झालं खुशाल. सुटलास एकदाचा!" मला खरंच वाटलं, मी त्याला धीर देतोय.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "माही माय मेली, अन् तुमी खुश होऊन राहिले का भाऊ?"

त्यानंतर किती तरी महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. त्याच दिवसांत एकदा मी नमुने घेऊन त्याच्याशेजारी बसून जिल्ह्याला चाललो होतो. मागे एक अडलेली बाई, आणि सोबत तिची सासू. गाडीत चढताना म्हातारीनं समोर बघितलं आणि घाबरलीच. "या गाडीत देव होते ना गा बाबू? कोठी गेले?"

मी खुशालकडे बघितलं. तो गिअर टाकत म्हणाला, "ड्युटीवर हायेत मावशी. मांगं, तुमच्या सुनेजवळ बसले."

म्हातारी शांत झाली.

*

आता हा किस्सा. हा सांगायचा की नाही, असं दर वेळी वाटतं.

आमच्याकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत साप चावल्याच्या केसेस येतात. पण आधी दवाखाना नाही, आधी डोमाजी महाराज. महाराज मंत्र म्हणून सापाचं विष उतरवायचे. आम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडायचो.

आणि एका पावसाळ्यात खुद्द महाराजांनाच साप चावला! स्वतःच्याच बांधावर. घरच्यांना वाटलं, आता महाराज मंत्र म्हणतील. महाराज कसले! पुतण्याच्या मोटरसायकलवर बसून थेट दवाखान्यात. डॉक्टर मॅडमनी इंजेक्शनं सुरू केली. माणूस धोक्याबाहेर आला तसा मी खाटेजवळ गेलो.

"काय महाराज? मंत्र चालला नाही का?"

महाराज पडल्या पडल्या म्हणाले, "मंतर दुसऱ्यावर चालते जी. सोतासाठी डॉक्टरच लागते!"

आमच्या डॉक्टर मॅडम सांगलीकडच्या, पण हुशार. त्यांनी ती संधी सोडली नाही. महाराजांना घरी सोडताना म्हणाल्या, "मंत्र हवे तेवढे म्हणा. फक्त पेशंटला गाडीत बसवून म्हणा!" आणि महाराजांनी शब्द पाळला. साप चावलेला माणूस दारात आला की ते आधी खुशालला फोन करायचे, मग मंत्र सुरू. मंत्र संपायच्या आत गाडी दवाखान्यात. दोन पावसाळे असे गेले. एकही जीव गेला नाही.

पण माझ्याकडे एवढा झकास किस्सा आणि मी गप्प बसणार? एका लग्नाच्या पंगतीत मी तो महाराजांच्या आवाजासकट करून दाखवला. लोकांच्या हातातले घास खाली पडले हसून! तिथून तो गावोगाव गेला. आठवडी बाजारात लोक महाराजांना विचारायला लागले, "काय महाराज, सोतासाठी डॉक्टर लागते का?" लोकांनी त्यांच्याकडे जाणं सोडलं. मला वाटलं, अंधश्रद्धेवर आपण केवढा विजय मिळवला!

पुढच्या रोवणीत एका बाईला साप चावला. दोन लेकरांची आई. घरचे तिला महाराजांकडे नेणार होते, पण त्यांचं तर हसं झालेलं. मग तिला नदीपलीकडच्या दुसऱ्या मांत्रिकाकडे नेलं. तो दवाखान्याचं नाव काढू देत नसे. दुपार उलटल्यावर आमच्याकडे आणली. सिस्टरनी मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग हलकेच खाली ठेवलं.

डोमाजी महाराज फाटकाबाहेर उभे होते. मी बाहेर गेलो. मला वाटलं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नान्हे भाऊ," ते म्हणाले, "माह्या मंतरात काई नोतं, हे मले बी मालूम होतं. पण गाडीत बसवत होतो ना जी मी."

*

मॅडमचं नाव निघालंच आहे तर एक छोटा. सिस्टरकडे माझी पार्टी जमली नाही, तेव्हा मी मॅडमना पकडलं होतं. एमबीबीएस बाई, देवाचं नाव कधी तोंडात नाही. एका सोमवारी जेवायला बसलो तर त्यांच्या डब्यात भगर.

"मॅडम! तुम्ही पण?"

"मी नाही मानत," त्या म्हणाल्या. "आई मानायची. दर सोमवारी फोन करून विचारायची, उपास केलास ना? आणि मी पोळी खात खात सांगायचे, हो केला."

"मग आता काय झालं?"

"आता तिचा फोन येत नाही ना. आता कोणाशी खोटं बोलू?"

मी माझ्या डब्यातली मासोळी झाकून ठेवली. त्यांनी सांगितलं नव्हतं. तरी ठेवली.

*

हा माझ्या घरचा आहे. मी कुणाला सांगत नव्हतो, पण एकदा जेवताना सिस्टरनी काढून घेतला.

आमचं मूळ गाव नदीकाठी. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढणार म्हणून सगळं गाव उठलं, तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. सामान न्यायला टेम्पो मी आणला. बाबा सगळ्यात शेवटी आले, आणि त्यांच्या दोन्ही हातांत शेंदूर लावलेला एक दगड. आमची गंगामाय. जाळं टाकायला निघण्याआधी बाबा तिला हात जोडायचे, त्यांचे बाबाही जोडायचे.

टेम्पोत जागा होती. हे मुद्दाम सांगतो. जागा होती.

मी म्हणालो, "बाबा, दगड आहे तो. दगड तिकडंही मिळतील."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, आणि परत जाऊन होता तिथे ठेवून आले. टेम्पोत पुढे न बसता मागे सामानावर बसले.

नवीन गावात सरळ रस्ते, नंबरचे प्लॉट, सगळी घरं सारखी. बाबा सकाळी अंगणात यायचे आणि नुसते गोल फिरायचे. एकदा मला म्हणाले, "बाबू, इथून कोणत्या बाजूनं हात जोडू, सांग ना."

मला वादाला एवढंच पुरे. "देव सगळीकडं असतो म्हणता ना तुम्ही? मग जोडा कुठूनही!"

"देव असन सगळीकडं," बाबा म्हणाले. "मी नाई ना."

बरीच वर्षं गेली. बाबा थकले, अंगणात येणंही बंद झालं. एका दिवशी काय वाटलं, मी मोबाइलवर नकाशा काढला, बोटांनी मोठा केला आणि त्यांच्यासमोर धरला. निळंशार पाणी. अंदाजानं एका जागेवर बोट ठेवलं. "बाबा, आपलं गाव इथं. गंगामाय इथं."

बाबांनी चष्मा सारखा केला. उशाला टेकून बसले, आणि मोबाइललाच हात जोडले. डोळे मिटले. मी फोन हलू दिला नाही.

तेवढ्यात कुठल्याशा कंपनीचा कॉल आला! निळं पाणी गेलं, स्क्रीनवर हिरवं आणि लाल बटण. बाबांनी डोळे उघडले.

"गेली का?" त्यांनी विचारलं.

मी कॉल कापला आणि परत नकाशा शोधायला लागलो. माझ्या बोटांना ती जागा पुन्हा लवकर सापडेना.

सिस्टरनी हे सगळं ऐकलं, आणि त्या दिवशी माझा डबा त्यांनीच धुतला.

*

लहानू आबाजी आणि त्यांची बायको तुळसाबाई. दोघं नेहमी जोडीनं यायची. साखर आबाजींना, पण रिपोर्ट वाचायची तुळसाबाई. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे तेवढे येत. आकडा मोठा असला की ती आबाजींकडे असं बघायची की आबाजी बाकावर सरकून बसत.

साखर काही केल्या उतरत नव्हती. मॅडमनी भात कमी करायला सांगितला, गोळ्या बदलल्या. आणि एका तपासणीत आकडा एकदम नॉर्मल! रिपोर्ट अजून माझ्याच हातात होता. तुळसाबाई मॅडमच्या खोलीत होती. आबाजी हळूच माझ्या टेबलाशी आले.

"नान्हे भाऊ, उतरली का?"

"उतरली आबाजी! एकदम नॉर्मल!"

त्यांचा चेहराच पडला. "थोडी वर लिवा ना जी."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. तुळसाबाईनं देवीला नवस बोलला होता. बुढ्याची साखर उतरू दे, आणि उतरलेली राहील तोवर मी चहाला तोंड लावणार नाही.

"तर काय झालं? चहाच तर आहे!"

"चहाच हाय जी," आबाजी म्हणाले. "लग्न झालं तवापासून सकाळचा चहा मी मांडतो. पहिला कप तिले देतो, अन् मंग दोघं पायरीवर बसतो. दिवसभर ती बोलत राहते, मी आयकत राहतो. पण तेवढ्या वेळ ती गप बसते जी. बाजूले बसते, अन् गप बसते." मग म्हणाले, "दोन-चार आकडे तर वर लिवा."

मी काय करावं? रिपोर्टात खोटा आकडा लिहिला तर मॅडम गोळी वाढवणार, आणि आबाजी चक्कर येऊन पडणार. खोटं लिहिता येणार नव्हतंच, आणि ते बरोबरच होतं. पण तुळसाबाईला बाजूला घेऊन चार शब्द बोलता आले असते. मॅडमना सांगून तिला समजावता आलं असतं. ते सोडून मी काय केलं? ती बाहेर आल्याबरोबर रिपोर्ट वर धरला आणि साऱ्या बाकांना ऐकू जाईल असं ओरडलो, "तुळसामावशी, साखर नॉर्मल! देवीचं काही नाही हां यात, गोळ्यांचं काम आहे!"

तुळसाबाईनं माझ्या हातून कागद घेतला, आकड्यावर बोट ठेवलं आणि कागद कपाळाला लावला. "माय पावली!"

झालं. तिनं चहा सोडला. आबाजींनीही सोडला. म्हणाले, ती घेत नाही तर मी कायले घेऊ. नंतरच्या प्रत्येक रिपोर्टात साखर ताब्यात. दर वेळी तुळसाबाई खुश, आणि दर वेळी आबाजी माझ्याकडे बघायचे.

पुढच्या हिवाळ्यात तुळसाबाईला ताप भरला आणि तो छातीत उतरला. दवाखान्यात ठेवलं होतं. शेवटच्या सकाळी घशाखाली काही जाईना, तेव्हा सिस्टरनी चहाचा चमचा तिच्या ओठाला लावला. तिनं तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, औषध समजून घ्या." तिनं मान हलवली. आबाजींच्या बाजूला बोट दाखवलं. त्यांची साखर ताब्यात होती.

तेरवी झाल्यावर आबाजी एकटेच आले. मी रक्त घेतलं. ते बाकावर जाऊन बसले. आकडा आला, मी पुन्हा तपासून बघितलं, तोच आला. खूप वाढलेला.

"आबाजी, गोळ्या संपल्या होत्या का?"

"नाई जी. घरी हायेत."

"मग साखर एवढी वाढली कशी?"

ते एकदम उठून टेबलाजवळ आले. "वाढली का? खरंच वाढली?"

"हो, बरीच वाढली. आधी मॅडमना भेटा."

"भेटतो. आधी कागदावर लिवून द्या जी. मोठ्या अक्षरात लिवा."

मी लिहिलं. त्यांनी तो कागद घेतला, आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ बघितला, घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवला. मग मॅडमच्या खोलीकडे न जाता सरळ बाहेर निघाले. फाटकासमोर चहाची टपरी आहे. मी दारापर्यंत गेलो, म्हटलं हाक मारावी.

आबाजींनी दोन चहा सांगितले. टपरीसमोरच्या फळीवर बसले, पहिला कप बाजूला ठेवला, आणि दुसरा हातात धरून गप्प बसून राहिले.